दोन बोटं फेस

ग्लासात बिअर ओतण्याची विद्या मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकायला घेतली, आणि पिण्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता मी नुसतं तोंड उघडलं तरी समोरचा म्हणतो, "हो हो सर, पिण्याशी संबंध नाही, माहिती आहे." आणि मान अशी काही हलवतो की संबंध असावा असं मला स्वतःलाच वाटू लागतं.

झालं असं, की जावयानं कोपऱ्यावर एक छोटं ठिकाण उघडायचं ठरवलं. सहा टेबलं, एक लाकडी काउंटर, काउंटरवर पितळेची एक तोटी आणि तोटीमागे थंडगार पिंप. बाटलीची भानगड नाही. पिंपातून थेट ग्लासात. एका संध्याकाळी तो घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाबा, फीत कापणं वगैरे मला नको. पहिला ग्लास तुम्ही भरायचा."

"मी? अरे, मी घेत नाही."

"घ्यायचा कुठे? भरायचा."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यांना उतू जाणारं दूध धड उतरवता येत नाही."

आता, बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे असं ऐकवलं की तो जे काम नाकारणार असतो तेच हातात घेतो. मी जावयाला म्हणालो, "भरतो." तो खूश झाला आणि सांगू लागला, "सोपं आहे बाबा. फक्त तोटी एकदम..." मी हात वर करून त्याला थांबवलं. द्रव पदार्थ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कसा न्यावा, हे ऐकून घ्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. शाळेतल्या ब्युरेटवर, म्हणजे खुणा केलेल्या आणि खाली तोटी असलेल्या त्या लांब काचेच्या नळीवर, मी एका वेळी एकच थेंब सोडत असे. दुसरा थेंब माझी परवानगी घेतल्याशिवाय पडत नसे.

तरीही तयारी हवी. मी कधीही तयारीशिवाय वर्गावर गेलो नाही.

पहिला सल्ला आला शेजारच्या अनुभवी काकांकडून. हे त्यांचं नाव नव्हे, पण जगात असं एकही काम नाही जे त्यांनी एकदा केलेलं नाही, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभवीच म्हणते. ते म्हणाले, "उंचावरून ओता. धार जितकी लांब, तितकी लज्जत." दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ग्लासात आधी चिमूटभर मीठ टाका, फेस बसतो." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चमचा उभा धरा आणि चमच्यावरून सोडा." मी विचारलं, "काका, आपण नेमकी किती वेळा ओतली आहे?" ते म्हणाले, "आमच्या लग्नाच्या आधी." याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

मी स्वयंपाकघरात सोड्याची बाटली घेऊन बसलो. ग्लास उभा धरून ओतलं तर फेसच फेस. तिरका धरून, काचेच्या बाजूवरून अलगद सोडलं तर सोडा शहाण्या मुलासारखा खाली जाऊन बसला. कोन मोजला. पंचेचाळीस अंश. मला फार आनंद झाला, आणि ज्या गोष्टीचा मला आनंद होतो ती शनिवारच्या पुढे पोटात ठेवणं मला जमत नाही.

शनिवार म्हणजे माझा वर्ग. दर शनिवारी चार वाजता तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत इमारतीतली अकरा मुलं जमतात आणि आम्ही काहीतरी करून बघतो. फी नाही, परीक्षा नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी घरातल्या डब्यांना लेबलं लावली, मग झाकणांना लावली, आणि तिसऱ्यांदा लेबलं घेऊन आलो तेव्हा बायकोच सेक्रेटरींकडे गेली आणि खोलीची किल्ली मागून आणली. तेव्हापासून माझा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि बाकीचे सहा दिवस त्या शनिवारच्या तयारीत जातात. तो वर्ग नसेल तर मी सोमवारी सकाळी कशासाठी उठायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तर त्या शनिवारी मी मुलांना सोडा ओतायला दिला. द्रवात विरघळलेला वायू, त्याला धक्का बसला की तो बाहेर पळतो, धक्का कमी बसला की आत राहतो. अकरा मुलांनी अकरा ग्लास तिरके धरले. दृश्य देखणं होतं. तेवढ्यात आमच्या वर्गातल्या शंकासुरानं हात वर केला. ही दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटांची मुलगी, वय नऊ, आणि हिच्या शंकेला उत्तर दिलं की त्या उत्तराला दोन पिल्लं होतात.

"सर, हे तुम्ही कशासाठी शिकलात?"

मी मुलांशी खोटं बोलत नाही. हे माझं व्रत आहे, आणि यानं मी आयुष्यात तीनदा अडचणीत आलो आहे. ही तिसरी.

"बिअर ओतण्यासाठी," मी म्हणालो. "मोठ्या माणसांच्या दुकानात. मुलांनी प्यायची नसते, मीही पीत नाही. पण ओतणं हे ओतणं असतं."

मुलांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. मोठ्यांना पटणार नाही, हे माझ्या लक्षात यायला पाच दिवस लागले.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, विमा एजंटांकडे त्यांचे साहेब जेवायला आले होते. बढती त्या साहेबांच्या हातात होती. एजंटांनी खास आणलेली बाटली उघडली, ग्लास सरळ उभा धरला आणि ओतायला लागले. फेस वर आला, काठावरून उतरला, टेबलावरून वाहत साहेबांच्या मांडीवर गेला. त्याच वेळी शंकासूर पाणी प्यायला बाहेर आली होती.

"बाबा, चुकलं तुमचं. पंचेचाळीस अंश! आमच्या सरांनी बिअर ओतायला शिकवलंय ना!"

साहेब हसले म्हणे. म्हणाले, "अरे वा, पोरगी बापाच्या पुढे गेली." जेवताना हसले, निघताना हसले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चार जणांना सांगून पुन्हा हसले. बढतीबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

शुक्रवारी माझ्या दारावर नोटीस. आमचे सेक्रेटरी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. कागदाशिवाय त्यांना श्वास लागतो. नोटिशीत लिहिलं होतं : "सोसायटीच्या खोलीत अल्पवयीन मुलांना मद्यविषयक प्रशिक्षण दिले जात असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सबब वर्ग स्थगित करण्यात येत असून, तो कायमचा बंद का करू नये, याचा खुलासा करावा. किल्ली जमा करावी."

किल्ली जमा करावी. हे तीन शब्द मी बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "खरं बोलायची काही वेळ असते हो."

"नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं होतं."

"म्हणूनच म्हणते."

मी खुलासा लिहिला. सात पानांचा, आकृतीसह. सेक्रेटरींनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला. "मास्तर, हे सगळं तत्त्वतः झालं. कमिटीला प्रत्यक्ष दाखवा. काय शिकवलंत ते जसंच्या तसं करून दाखवा. पुढच्या शनिवारी चार वाजता, पालकांसमोर. मग मतदान घेऊ."

"दाखवतो. जावयाकडून पिंप आणि तोटी आणतो."

"पिंप?" ते दचकले. "सोसायटीच्या आवारात पिंप आणायचं तर परवान्याच्या कचेरीतून ना-हरकत पत्र लागेल."

म्हणून सोमवारी मी त्या कचेरीत गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. चेहऱ्यानं समजूतदार, पण समोर फॉर्मची चळत. त्यांनी विचारलं, "विकणार का?"

"नाही."

"पाजणार?"

"नाही."

"बाळगणार?"

"तासभर."

"आणि करणार काय?"

"ओतणार."

त्यांनी चळत एकदा वरून खाली चाळली, एकदा खालून वर. "विकण्याचा फॉर्म आहे, वाटण्याचा आहे, बाळगण्याचा आहे, नेण्याचा आहे. ओतण्याचा नाही हो काका. नुसतं ओतायला आजवर कुणी आलंच नाही." मग आवाज हलका करून म्हणाल्या, "घरी काही त्रास आहे का?"

मी वर्गाची सगळी हकिकत सांगितली. मागची रांग वाढली. रांगेतला एक जण म्हणाला, "अहो, बिनदारूचं जवाचं पेय मिळतं की, फेस तसाच येतो. ते भरा पिंपात." खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मग तो आमचा विषयच नाही," आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मला एक कागदही दिला नव्हता, तरी मी त्यांचे दोनदा आभार मानले.

शनिवार उजाडला. जावयानं दुपारी छोटं पिंप, वायूची नळी आणि तोटी खोलीतल्या टेबलावर बसवून दिली. पिंपात जवाचं बिनदारूचं पेय होतं. सेक्रेटरींनी स्वतः चव घेऊन तशी नोंद केली, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा घेतली. बायकोनं सहा ग्लास घरून आणले होते. साबणानं दोनदा घासून, पांढऱ्या फडक्यानं असे पुसलेले, की त्यात आपलं तोंड दिसावं. समोर कमिटीचे पाच जण, मागे पालक, भिंतीशी अकरा मुलं. पहिल्या खुर्चीत विमा एजंट, हातांची घडी घालून. जावई काही बोलायला पुढे सरकला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही नातेवाईक. तुम्हाला बोलता येणार नाही." तो भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मी उभा राहिलो. ग्लास पंचेचाळीस अंशांत धरला. आणि तोटी उघडली, माझ्या सगळ्या आयुष्याच्या शिस्तीनं : हळू, किंचित, थेंबाच्या हिशोबानं.

तोटीनं आधी शिंक दिली. मग फेस आला. नुसता फेस. पांढरा, घट्ट आणि थांबायला तयार नसलेला. मी घाबरून तोटी आणखी बंद केली, तर तो दुप्पट आला. ग्लास भरला, मनगट भरलं, बाही भरली. टेबलावरून फेसाची एक जाड जीभ निघाली आणि सेक्रेटरींच्या कार्यवाहीच्या वहीवर जाऊन बसली. मी दुसरा ग्लास धरला, तोही तसाच. सहापैकी तीन ग्लास फेसानं भरले, आणि प्यायला मिळेल असं काही त्यात बोटभरही नव्हतं.

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अनुभवी काका तेवढे पुटपुटले, "मीठ घालायला सांगितलं होतं."

विमा एजंट उठले. "हे शिकवतात हे मुलांना. स्वतःला येत नाही आणि..." ते पुढचं बोलले नाहीत, पण वाक्य कुठे चाललं होतं ते सगळ्यांना कळलं. सेक्रेटरी ओली वही झटकत म्हणाले, "मतदान घेऊ या."

माझ्या हातातून फेस ठिबकत होता. मी किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

तेव्हा भिंतीशी एक हात वर झाला.

"सर, तुम्ही तोटी थोडीशीच का उघडली?"

मी म्हणालो, "फेस होऊ नये म्हणून."

"पण झाला ना."

"हो. झाला."

"मग का झाला?"

अकरा मुलं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांच्या मागे त्यांचे आईवडील.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी चुकलो हे दिसतंय. का चुकलो ते माहीत नाही."

वर्गात हे वाक्य आलं की पुढे काय करायचं, हे मुलांना ठाऊक आहे. ती टेबलाभोवती आलीच. कुणी विचारलं नाही, कुणी परवानगी घेतली नाही. एक मुलगा म्हणाला, "बागेच्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी फर्रकन उडतं, तसं असेल." दुसरी म्हणाली, "म्हणजे अर्धी तोटी म्हणजे अंगठा." मला हे सुचलं नव्हतं. भोक लहान, धक्का मोठा, वायू बाहेर. मी अनेक वर्षं हेच वाक्य फळ्यावर लिहिलं होतं आणि माझ्या स्वतःच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"पूर्ण उघडायची! एकदम!" अकरा आवाज.

मागे जावयानं डोळे उघडले आणि एक लांब श्वास सोडला.

मी चौथा ग्लास तिरका धरला आणि तोटी एकदम, पूर्ण उघडली. धार काचेवरून गुपचूप खाली गेली. ग्लास भरत आला तसा मुलांनी ओरडून तो सरळ करायला लावला, आणि वर फेस चढला, बरोबर दोन बोटं. पालकांतून "वाहवा!" आली. आणि ती हवेत असतानाच फेस फसकन विरून गेला.

"गेला," सेक्रेटरी म्हणाले. ते कधी उठून टेबलाशी आले होते कोण जाणे.

"का गेला?" हे शंकासुरानं विचारलं नाही. हे विचारलं तिच्या वडिलांनी. मग आपण विचारलं हे लक्षात येऊन त्यांनी पुन्हा हातांची घडी घातली.

मुलांनी ग्लास प्रकाशात धरला. शंकासुरानं आतून बोट फिरवलं, वास घेतला. "साबण."

सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. तिच्या भांडी घासण्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "दोनदा घासलेत मी. साबण राहिलाय असं म्हणायचंय का कुणाला?"

कुणालाही म्हणायचं नव्हतं. मलाही नव्हतं, आणि इथे मी कबूल करतो की विज्ञानापेक्षा संसार जुना असतो. अखेर विमा एजंट उठले, म्हणाले, "घासण्यात काही चूक नाही वहिनी. नुसत्या गार पाण्यानं एकदा विसळून बघायला काय हरकत आहे?" आणि कोपऱ्यातल्या नळाखाली पाचवा ग्लास स्वतः विसळून आणला. चार वेळा विसळला. पुसला नाही.

"तुम्हीच धरा," मी म्हणालो.

"मी?"

"ग्लास तुमच्या हातात आहे."

त्यांनी धरला. मुलगी शेजारी उभी राहून कोनाकडे बघत होती. एकदा तिनं ग्लासाचं बूड दोन बोटांनी हलकंच सरकवलं, आणि त्यांनी सरकवू दिलं. तोटी एकदम उघडली. धार, मग सरळ, मग बंद. फेस दोन बोटं चढला आणि थांबला. आम्ही वाट पाहिली. सेक्रेटरींनी घड्याळ लावलं. एक मिनिट झालं, फेस तसाच. दोन मिनिटं झाली. कमिटीचे पाच जण, पालक आणि अकरा मुलं एका ग्लासाकडे अशी बघत होती, की खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर आत कुणाची तब्येत नाजूक आहे असंच समजलं असतं.

"उभा आहे," एजंट म्हणाले. आवाज अगदी हलका.

मतदान झालं. निकाल ओल्या वहीच्या कोरड्या पानावर लिहिला गेला : वर्ग चालू ठेवावा. किल्ली मास्तरांना परत करावी. मात्र तक्रारदार पालकांनी निरीक्षक म्हणून दर शनिवारी जातीनं हजर राहावं. ही शेवटची अट एजंटांनीच घालायला लावली. मला ती अपमानाची वाटली आणि मी तसं घरी बोललोही. बायको म्हणाली, "किल्ली मिळाली ना? मग गप्प बसा."

रविवारी जावयाच्या काउंटरवर मी पहिला ग्लास भरला. बरोबर आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तोपर्यंत सगळ्यांना स्वतः भरून बघायचा होता, आणि अनुभवी काकांनी खिशातून मिठाची पुडी काढली होती.

पुढच्या शनिवारी चार वाजता निरीक्षक आले. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून, वही मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसले. विषय होता, बर्फ पाण्यावर का तरंगतो. सुरुवातीची चाळीस मिनिटं त्यांनी माझ्यावर करडी नजर ठेवली. मग त्यांची पेन्सिल थांबली, मग त्यांनी मान वाकडी करून पेल्यातल्या बर्फाकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाले, "पण मग तळ्यातले मासे..."

"बाबा," पुढच्या बाकावरून त्यांची मुलगी मागे न बघता म्हणाली, "आधी हात वर."

त्यांनी हात वर केला. मी वहीत काहीतरी बघत होतो, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "विचार, बाळ."

एजंटांनी हात हळूच खाली घेतला. मग त्यांनी विचारलं.